भात्यावरचा सरळ काप

शनिवार, ता. ९ जून, दुपारी

प्रिय चिमे,

तुला आणि मेहुण्यांना प्रभूमध्ये सलाम. नातवंडांना माझा पापा दे. मोठ्याला सांग, त्याचं विमानाचं चित्र आजोबांना मिळालं आणि ते कपाटाच्या दाराला चिकटवलंय.

तुझं पत्र जानेवारीत आलं आणि मी जूनमध्ये उत्तराला बसलोय. आता माफी मागायलाही उशीर झाला. आधी चष्म्याची काडी मोडली होती. मग गुडघ्यानं धरलं. मग घरात चांगला कागद नव्हता. आयुष्यभर बाइंडिंगच्या कारखान्यात पुस्तकं शिवणाऱ्याच्या घरात लिहायला कागद नाही, हे कुणाला सांगायचं! पण काल अंथरुणात पडल्या पडल्या मोजून पाहिलं, तर ही सगळी कारणं मिळून फार तर तीन आठवड्यांची होतात. उरलेले चार महिने मी का लिहिलं नाही, ते पुढं येईल. येईल असं आत्ता तरी वाटतंय.

माझी तब्येत ठीक आहे. म्हणजे डॉक्टर ठीक म्हणतात. सकाळची गोळी घेतली की नाही हे मला दुपारी आठवत नाही, म्हणून पोरगीनं डबीवर वारांची नावं चिकटवलीत. आता डबी रिकामी दिसली की वाटतं, गोळी घेतली की सांडली? पोरगी म्हणते, "बाबा, काळजीला काही उरलं नाही ना, की तुम्हाला त्याचीच काळजी लागते." पस्तिशीची झाली तरी मी तिला पोरगीच म्हणतो. लहानपणी तूच वाढवलीस तिला. अजून वेणी घालताना तुझ्यासारखी मान तिरकी करते.

शेगडी बंद आहे का ते बघून आलो. आहे.

तर चिमे, तुझ्या पत्रात सगळ्यात शेवटी, सहीच्याही खाली, बारीक अक्षरात एक ओळ होती. "दादा, ऑर्गन अजून वाजतो का?" एकतीस वर्षांत तू हे पहिल्यांदाच विचारलंस. ती ओळ मी इतक्या वेळा वाचली की कागदाची घडी तिथंच झिजली.

वाजतो. आता त्याला मोटर बसलीय.

तू पुढं बसून वाजवायचीस, माझ्या जागेत फार तर दोनदा डोकावली असशील, म्हणून सांगतो. ऑर्गनच्या मागं, फळ्यांच्या आडोशाला, कपाटाएवढी जागा. तिथं भाता, भात्याला लाकडी दांडा, आणि दांड्याला मी. समोरच्या भिंतीवर दोरीला टांगलेला शिशाचा गोळा. भाता भरला की गोळा खाली येतो, रिकामा होत गेला की वर चढतो. भिंतीवर कोळशाच्या दोन रेघा आहेत. खालच्या रेघेवर गोळा आला म्हणजे पोट भरलं, वरच्या रेघेला लागला म्हणजे जीव गेला. अकराव्या वर्षी बाबांनी मला तिथं उभं केलं आणि एकच सांगितलं, "गोळ्यावरची नजर काढायची नाही." मी काढली नाही. मंडळी साठ वर्षं वधस्तंभाकडे पाहत होती, मी शिशाकडे.

मे महिन्यात पंच कमिटीनं दुरुस्तीवाले मिस्त्री बोलावले. आडव्या अंगाचा माणूस, कानावर पेन्सिल, तोंड एक क्षण बंद नाही. दोन दिवसांत मोटर बसवली आणि हात झटकत म्हणाले, "घ्या बाबा, सुटलात तुम्ही. आता बटण दाबलं की वारा."

मी विचारलं, "बटण कोण दाबणार?"

"कोणीही दाबेल."

कोणीही. बरोबर आहे म्हणा. पण घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही.

मग तीन तारखेच्या रविवारी मी पहिल्यांदा मंडळीत बाकावर बसलो. बहात्तराव्या वर्षी! हात कुठं ठेवायचे ते कळेना. मांडीवर ठेवले तर फोटो काढायला बसल्यासारखं वाटायचं. कधी उठायचं, कधी बसायचं, काही ठाऊक नाही. लोक बसले तरी मी उभाच. शेजारी निवृत्त नर्सबाई होत्या, त्यांनी कोटाला धरून मला खाली ओढलं. "बसा हो! साठ वर्षं काय करत होता आत?" मी म्हटलं, "उभाच होतो." त्या तोंडाला रुमाल लावून हसल्या.

आणि ऑर्गन सुरू झाला.

चिमे, कसं सांगू. माझं शिक्षण चौथीपर्यंत. हजारो पुस्तकं शिवली, पण वाचली ती पहिली नि शेवटची पानं, तीही शाई वाळेपर्यंत. मला शब्द नाहीत. आडोशामागं मला आयुष्यभर काय ऐकू आलं? दांड्याची कुरकुर, झडपांची फटफट, भात्याच्या एका कोपऱ्यातली फुसफूस, माझा दम. त्याच्यामागं कुठं तरी, भिंतीपलीकडं लग्न असावं तसं गाणं. मला वाटायचं, उपासना म्हणजे एवढंच असतं.

समोरून ते तसं नाहीच. पहिला सूर आला आणि माझ्या पायाखालची फरशी जागी झाली. छातीची फासळी न् फासळी वाजली. मग चारशे माणसं एकदम उठली आणि गायला लागली, लंगडा घड्याळवाला, कधी कुणाशी न बोलणारी ती शिंपीणबाई, माझी पोरगी, सगळी. आवाज वर गेला आणि छताला लागून परत खाली आमच्यावर आला. मला भीती वाटली. वाईट भीती नव्हे. लहानपणी बाबांनी समुद्र दाखवला होता तेव्हा वाटली होती तशी. एवढं मोठं इथं दर रविवारी येत होतं, आणि मी चार हातांवर, पाठीमागं उभा होतो! माझ्या कुरकुरीचं, फुसफुशीचं पलीकडं हे होत होतं! कुणी केलं? मी नाही. मी तर गोळा पाहत होतो.

मी गायलो नाही. रडलो. नर्सबाईंनी रुमाल पुढं केला.

त्याच रविवारी प्रभुभोजन होतं. त्याविषयी नंतर लिहितो. पोरगी चहाला हाक मारतेय, आणि चहा निवला की ती मला बोलते.


सोमवार, ता. ११, सकाळी

दोन दिवस पत्र पेटीत पडून होतं. पोरगी विचारत होती, "आत्याला लिहिताय की मृत्युपत्र?"

प्रभुभोजनाचं लिहायचं होतं.

बाकावर बसलो की ताट आपल्यापर्यंत येतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आडोशामागं ताट येत नसे. पूर्वी एक पंच आठवणीनं आत आणून द्यायचे. मग एका वर्षी मी त्यांना म्हणालो, नंतर घेतो. पुढच्या महिन्यातही म्हणालो, नंतर. पुढं त्यांनी आणणं सोडलं, आणि ते गेल्यावर तर कुणाला आठवणच राहिली नाही. सगळे समजत असणार, भात्याजवळच्या माणसाला आधी देत असतील, नाहीतर मागून.

त्या रविवारी भाकरीचं ताट नर्सबाईंच्या हातून माझ्या हातात आलं. पांढरं फडकं, छोटे छोटे तुकडे. मी ते तसंच पलीकडच्या माणसाकडे दिलं. मग प्याला आला, तोही दिला. काही सांडलं नाही, आवाज झाला नाही. पण मान वर केली तर पाळकसाहेब माझ्याकडेच पाहत होते.

तरुण आहेत. पोरगीपेक्षा लहान असतील. आठवड्यात घरी येतील असं वाटून मी रोज संध्याकाळी बाहेर फिरायला जात होतो. गुडघा दुखत असताना!

त्याच आठवड्यात मंगळवारी मिस्त्री पुन्हा आले. मोटर तापत होती. म्हणाले, "कुठून तरी वारा जातोय, मोटर दुप्पट राबतेय. भाता उघडायला लागेल." मी म्हटलं, कशाला, जुनं आहे, चालतंय तसं चालू द्या. ते म्हणाले, "बाबा, तुम्ही माणूस होता, राबलात. यंत्र राबत नाही, जळतं." आणि उघडला.

मी तिथंच उभा होतो. जाववेना.

आत डोकं घालून ते म्हणाले, "वा! हे ठिगळ कुणी लावलं? काय हात आहे!"

"मी," मी म्हटलं. "बाइंडिंगचा सरस. वासराचं चामडं."

"तरीच." मग त्यांनी ठिगळ सोडवलं, खालचं जुनं चामडं उजेडात धरलं. कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली. "बाबा, चामडं फाटतं ते घडीवर. दुमडून दुमडून झिजतं आणि जातं. हे घडीपासून चार बोटं लांब आहे. आणि बघा, पट्टी लावून रेघ ओढावी तसं."

मी म्हटलं, "उंदीर असेल."

"असेल," ते म्हणाले. "भूमिती शिकलेला."

हसले नाहीत मात्र. नवं चामडं बसवलं, जुन्याचा कापाचा तेवढा तुकडा कातरीनं वेगळा केला आणि माझ्या खिशात घातला. म्हणाले, "उंदराची आठवण." बरा माणूस आहे. अजून कुणाला बोललेला नाही.

गुरुवारी पाळकसाहेबांनी मला गाठलंच. फाटकापाशीच. मला वाटलं ताटाचं विचारणार. त्यांनी वेगळंच काढलं. चोवीस तारखेच्या रविवारी, उपासनेत, माझा सत्कार करायचा. पुढच्या बाकाला पितळी पट्टी लावायची, तिच्यावर कोरायचं, साठ वर्षांच्या मनःपूर्वक उपासनेबद्दल. पट्टी करायला टाकलीसुद्धा!

मी म्हटलं, "साहेब, मी उपासना केलीच नाही. मी दांडा ओढला."

ते म्हणाले, "देवाला आणखी काय हवं असतं, बाबा?"

"मला काय विचारता? मला फक्त वाऱ्याचं कळतं."

ते हसले. मग हळूच म्हणाले, "वेदीपाशी अर्पण घेऊन आलं आणि तिथं आठवलं की घरच्या कुणाचं आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेवून आधी त्या माणसाकडे जायचं, असं आपला प्रभू सांगतो. मला वाटतं, तुम्ही त्या ताटाला फार मान देता, म्हणूनच ते पुढं दिलंत. चोवीस तारखेपर्यंत वेळ आहे." आणि सायकल घेऊन गेले. मी फाटकाची कडी धरून उभा.

काल त्यांनी व्यासपीठावरून जाहीर केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, चिमे. नर्सबाईंनी तर माझा हातच हातात घेतला. माझ्या खिशात तो चामड्याचा तुकडा होता. मी दुसऱ्या हातानं तो दाबून धरला होता, जसा काही तो ओरडेल.


बुधवार, ता. १३, दुपारी

पोरगी कामाला गेलीय. शेगडी बंद आहे. गोळी घेतली. आता कुठलं कारण उरलं नाही.

तुला तो दिवस माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. चर्चचा वर्धापनदिन होता. शहरातल्या मोठ्या चर्चचे वादक गुरुजी मुद्दाम तुला ऐकायला आले होते. तू सव्वीस वर्षांची. त्यांना तुझं वाजवणं पटलं तर तुला तिकडं शिकायला ठेवून घेणार होते, पुढं तिथंच जागा. आदल्या आठवड्यात तू आईच्या पलंगापाशी बसून टेबलाच्या कडेवर बोटं नाचवायचीस, आणि आई म्हणायची, "अगं, ते टेबल आहे, त्याला येत नाही." तू हसायचीस. मी नाही हसलो. पोरगीची आई जाऊन दोनच वर्षं झाली होती. आई अंथरुणाला खिळलेली. रोज माझ्या डोक्यात एकच. ही गेली तर आईला कोण उचलणार, पोरीची वेणी कोण घालणार, मी कारखान्यातून येईन तेव्हा दिवा कुणी लावलेला असेल. हे मी तुला कधीच बोललो नाही. बोललो असतो तर तू राहिली असतीस, हे मला ठाऊक होतं, म्हणूनच बोललो नाही. चांगला भाऊ दिसायचं होतं ना मला!

तू आईचं आवडतं चार कडव्यांचं गीत घेतलंस. तिसऱ्या कडव्याला सगळ्या खुंट्या ओढल्यास, सगळ्या नळ्या एकदम उघडल्या. चौथं कडवं राहिलं. तुला वाटलं, सगळ्यांना वाटलं, की चामडं फाटलं.

चामडं फाटलं नाही, चिमे. मी दांडा सोडला.

थकून नाही. घाम निसटला म्हणून नाही. तिसरं कडवं संपलं, मी हात काढून घेतले आणि मागं टेकून उभा राहिलो. भाता भरलेला होता, त्यामुळं वारा लगेच जात नाही. शिशाचा गोळा वर चढायला लागला. तू चौथ्या कडव्याचा पहिला सूर धरलास. मी गोळ्याकडे पाहत होतो. दांडा माझ्यापासून वीतभर अंतरावर होता. प्रभूची प्रार्थना अर्धी म्हणून होईल एवढा वेळ मला मिळाला. मी पुन्हा धरू शकत होतो. नाही धरला. गोळा वरच्या रेघेला लागला आणि ऑर्गन कण्हला, जनावर कण्हतं तसा, आणि बंद पडला. लोक गाता गाता थांबले. त्या शांततेत मला तुझ्या बोटांखालच्या मुक्या पट्ट्यांचा खडखड आवाज आला. तू वाजवत होतीस अजून.

मी ओरडलो, "भाता फाटला!"

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी कारखान्यातला सुरा घेऊन परत गेलो आणि तो खरंच कापला. पंच बघायला आले तर काहीतरी दिसायला हवं होतं. फाटल्यासारखा वेडावाकडा कापायचा होता. पण बावीस वर्षं पुठ्ठे कापलेला हात माझा, त्याला वाकडं कापताच आलं नाही. सरळ गेला. म्हणून घाईघाईनं वरून ठिगळही मीच लावलं, कुणी नीट बघायच्या आत. त्या ठिगळातून वारा जायचा. पुढची एकतीस वर्षं दर रविवारी, दर गीताला, माझ्या गुडघ्यापाशी ती फुसफूस. मी जास्त ओढायचो आणि समजायचो, फेडतोय.

पण हे सगळं एवढं मोठं नाही. मोठं पुढं आहे, आणि ते एका शब्दाचं आहे.

गुरुजी जाताना मला म्हणाले होते, वाद्य बंद पडलं यात मुलीचा काय दोष, तिला पाठवा. हे मी तुला संध्याकाळी स्वयंपाकघरात सांगितलं. एवढं तरी केलं. तू पीठ मळत होतीस. हात थांबवले नाहीस. म्हणालीस, "नाही दादा. मी आज देवासाठी वाजवत नव्हते. मी त्या पाहुण्यांसाठी वाजवत होते. त्यांचं डोकं हलतंय का, तेच ऑर्गनवरच्या आरशात बघत होते. इतकी वर्षं टिकलेला भाता नेमका तेव्हाच का फाटावा? देवानंच फाडला. त्याला माझी असली उपासना नको."

आणि मी म्हणालो, "असेल."

एवढंच. असेल. मग पाणी प्यायलो आणि बाहेर जाऊन बसलो.

दोन वर्षांनी तू लग्न होऊन लांब गेलीस. ज्यासाठी मी ते केलं तेही हाती राहिलं नाही, आणि ते बरंच झालं. आईच्या मातीला मेहुणे मला म्हणाले होते, "तिचं काय ते कळत नाही. चर्चमध्ये गाणं सुरू झालं की ओठ मिटून बसते." मी त्यांनाही काही बोललो नाही. माणसानं चोरी करावी, एक वेळ खोटंही बोलावं. पण मी माझा हात झाकायला देवाचं नाव पुढं केलं. तू एकतीस वर्षं ज्याच्यासमोर ओठ मिटून बसलीस, त्यानं तुला कधी नको म्हटलंच नव्हतं. नको मी म्हटलं होतं, भात्यामागून.

म्हणून ताट पुढं देत आलो. तुला ठाऊक नसलेलं मला ठाऊक असताना ती भाकरी गळ्याखाली कशी उतरणार?

आता एक गोष्ट सांगतो, ती जगात फक्त मलाच सांगता येईल. तू म्हणालीस की तू पाहुण्यांसाठी वाजवत होतीस. पहिल्या कडव्यात, हो. मला मागून कळत होतं. वारा झटक्याझटक्यानं जात होता, गोळा उड्या मारत होता. मनात दुसरं काही असलं की तू नेहमी तशीच वाजवायचीस. दहा वर्षांची होतीस तेव्हापासून तुझे सूर माझ्याच वाऱ्यावर झालेत, मला तुझा श्वास ठाऊक आहे. दुसऱ्या कडव्यात गोळा निवला. आणि तिसऱ्यात, सगळ्या नळ्या उघड्या असताना, तो एका जागी थांबला. जितका वारा मी देत होतो तितकाच तू घेत होतीस, ना कमी ना जास्त. दांडा माझ्या हातात हलका झाला, चिमे. जणू पलीकडून आणखी कुणी धरला होता. फळ्या थरथरत होत्या. मला वाटलं, आत कुणीतरी आलंय. 

त्या कडव्यात तू पाहुण्यांना विसरली होतीस. पाहुण्यांनाच काय, मला, आईला, स्वतःला. हे आरशात दिसत नाही, लाकडातून कळतं. आणि म्हणूनच मी दांडा सोडला. तू शहरात जाशील याची भीती होती, पण त्याहून जास्त भीती त्या क्षणाची वाटली. तू आधीच कुठं तरी पोचली होतीस आणि मला तिथं यायचं नव्हतं.

उपासना खरी कशानं होते ते पाळकसाहेबांना माहीत. मला एवढं दिसलं की ती तुझ्या बाजूला झाली होती आणि माझ्या बाजूला मोडली. तरीही त्या कापलेल्या भात्याचा वारा त्यानं एकतीस वर्षं टाकून दिला नाही. नळ्यांत घेतला, चारशे माणसांच्या गळ्यात घातला, त्याचं ते केलं, जे मी तीन तारखेला पहिल्यांदा समोर बसून ऐकलं. त्यानं मला शिक्षा केली असती तर समजलं असतं. हे मला समजत नाही. विचार केला की गुडघे आपोआप वाकतात, तेही दुखणारे.

पाकिटात चामड्याचा तुकडा घातलाय. तू म्हणशील, दादा म्हातारा झाला, मला बरं वाटावं म्हणून रचतोय. तर त्याच्या कडेवरून बोट फिरव. देव असं कापत नाही. ती बाइंडरची रेघ आहे.

चोवीस तारखेला मी ती पट्टी घेणार नाही. उठून सगळ्यांसमोर सांगणार आहे. नर्सबाई कोट ओढतील, तरी सांगेन. पण ही गोष्ट अर्धी तुझी आहे. तुला न विचारता मी ती मंडळीत उघडी केली तर तो दुसरा काप होईल. तू म्हणालीस तर बोलेन. नको म्हणालीस तर पट्टी नको एवढंच सांगून खाली बसेन. माफ कर असं मी म्हणत नाही. ते तुझ्याकडे मागायला मला तोंड नाही, आणि घाईही नाही. पण तुझे ओठ उघडू देत. त्यासाठी मला माफ करायचीसुद्धा गरज नाही.

आणखी एक. मिस्त्रींनी दांडा काढलेला नाही. म्हणाले, मोटरचा भरवसा नसतो. सध्या ज्या शाळेच्या बाई वाजवतात त्या चवड्यांवर चालल्यासारख्या वाजवतात, तीनच खुंट्या ओढतात. सगळ्या खुंट्या तुझ्यानंतर कुणी ओढल्या नाहीत. आईच्या त्या गीताचं चौथं कडवं एकतीस वर्षं राहिलंय. तू येणार असशील तर मी बटण दाबू देणार नाही कुणाला. माझा गुडघा माझं बघेल.

यायला नको वाटलं तर येऊ नकोस. पण उत्तर दे, चिमे, लवकर दे. मी पाच महिने लावले तसे तू लावू नकोस. टपाल चार दिवस घेतं, कधी पाच, आणि आमचा पोस्टमन नवा आहे, घरांचे नंबर चुकवतो. म्हणून पाकिटावर "निळ्या फाटकाचं घर" असंही लिही. एक ओळ पुरे. सहीच्या खाली, बारीक अक्षरात लिहिलीस तरी मी शोधून वाचेन.

गोळ्यावर नजर ठेवून, दांडा धरून उभा असलेला,

तुझा दादा